लाखेतला आवाज

चि. मंजिरीस,

जुन्या तबकडीवरचं तू साफ करून पाठवलेलं गाणं ऐकलं. खरखर पार गेली, पण तिच्याबरोबर तंबोरा गेला आणि गवयाचा श्वासही. मेहनत घेतली आहेस, म्हणूनच सविस्तर लिहितो.

तुमचं मास्टरिंग गाणं संपल्यावर सुरू होतं. तबकड्यांच्या सुरुवातीच्या काळात बरंचसं आधीच उरकावं लागे. 1902 साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात ध्वनिमुद्रणाला आला तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं. आवाजाने पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर रेघ कोरी. कोणी कर्ण्यापासून किती लांब बसायचं, तेवढंच मिक्सिंग. दहा इंची तबकडीला साधारण तीन मिनिटं मिळत, त्यात ख्याल बसवायचा. कोरलेलं मेण वाजवून बघावं तर खाचा बिघडत. म्हणजे जे ठेवायचं ते ऐकायचंच नाही. त्या माणसांच्या कानांचं मला फार अप्रूप वाटतं.

मग मेणावर ग्रॅफाइटची बारीक पूड चोळत, त्यातून वीज खेळावी म्हणून, आणि द्रावणात ठेवून तांब्याचा थर चढवत. तो सोलला की उलटा ठसा मिळे, तोच मास्टर. त्यावरून सुलटी मदर, मदरवरून पुन्हा उलटा स्टॅम्पर, आणि त्याखाली गरम लाखेचा गोळा दाबला की तबकडी तयार. 1908 मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघेपर्यंत आपली मेणं बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात. गायिका गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते तिथल्या लोकांना ओळख पटावी म्हणून.

आता खरखरीचं. तबकडीत लाखेपेक्षा दगडाची पूड जास्त असे. पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून ही पूड मुद्दाम घालत. त्या पुडीमुळे येणारी खरखर आणि तंबोऱ्याचा झंकार कंपनांच्या एकाच पट्ट्यात राहतात. सॉफ्टवेअरला त्यांतला फरक कळत नाही, तुला कळतो.

तुझी तबकडी विजेवरच्या मुद्रणाची, म्हणजे 1925 नंतरच्या तंत्राची. त्यात खर्जाने खाच हेलकावे घेऊन शेजारच्या खाचेत घुसू नये म्हणून कापतानाच खर्ज कमी करत, आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. तो परत चढवला नाहीस, म्हणून तबला डब्यासारखा लागतो.

वेगही तपास. तबकडीवर 78 फेरे लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात फरक पडे. साथीला पेटी आहे. ती दोन पट्ट्यांच्या मधे वाजत असेल तर वेग चुकला असावा.

मूळ फाइल पुसली नाहीस ना? आधी वेग लाव, मग खर्ज, आणि खरखरीला सगळ्यात शेवटी, अगदी हलकेच हात लाव. श्वास ऐकू येईनासा झाला की तिथेच थांब आणि एक पायरी मागे ये. तशी एक प्रत मला पाठव.

तुझा,
मधुकाका