केवलादेवचा रंगीत पाणलावा

वाचकहो, भरतपूरच्या केवलादेव उद्यानात आपण गेलात, तर सायकलरिक्षावाला आपणांस प्रथम मोठ्या करकोच्यांची झाडे दाखवील. सुमारे 29 चौरस किलोमीटरांच्या या पाणथळीत डोळ्यांत भरणारे पक्षी पुष्कळ आहेत. परंतु उन्हे उतरू लागली की खोल पाण्याकडची दृष्टी काढून बांधालगतच्या चिखलाकडे लावावी. बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा मंद, घुमणारा स्वर लव्हाळ्यांतून आला, तर समजावे की रंगीत पाणलाव्याची मादी साद घालीत आहे.

सुमारे 25 सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी दिवसभर गवतात दडून असतो. चाहूल लागताच तो जागीच थिजतो. अगदी पायाशी गेल्यावर पाय लोंबते ठेवून उडतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात उतरतो. संधिप्रकाशात तो बाहेर येतो व चिखलात लांब चोच खुपसून किडे, गोगलगायी, गांडुळे आणि बिया टिपतो. कोंडीत सापडला, तर पंख व शेपटी पसरून फिसकारतो.

त्याचा संसार मात्र आपणांस नवल वाटावे असा आहे. बहुतेक पक्ष्यांत नर नटवा असतो. येथे तांबूस गळ्याची, उठावदार रंगांची असते ती मादी. नर फिका, ठिपकेदार व गवताशी मिळून जाणारा. साद घालते तीही मादीच. बहुधा चार अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबविणे आणि पिलांना सांभाळणे हे सारे पित्याकडे येते, आणि त्याचे ते साधे रूपच घरट्याचे रक्षण करते.

हे घरटे उथळ पाण्याच्या काठी असते, आणि पाणी ओसरू लागले की प्रथम काठच सुकतो. केवलादेवास पाणी मिळे ते अजान बांधातून. गंभीर नदीवर वरच्या बाजूस पांचना धरण झाल्यावर तो ओघ आटला. आता गोवर्धन नाल्यातून व चंबळेवरून नळाने पाणी आणावे लागते. येथे हिवाळ्यात येणारा सैबेरियन क्रौंच 2002 नंतर दिसला नाही, त्याची हळहळ सर्वांस वाटली. पाणलावा नाहीसा झाला, तर ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

सुदैवाने हा पक्षी केवळ भरतपूरचा नव्हे. भारतात ठिकठिकाणी भातखाचरांत व तळ्यांकाठी तो राहतो. आपल्या गावच्या तळ्याची दलदलीची कड भरून काढण्याची गोष्ट निघेल, तेव्हा एखाद्या संध्याकाळी तेथे जाऊन शांतपणे कान द्यावा. निरुपयोगी वाटणाऱ्या त्या चिखलात एखादा पिता अंडी उबवीत बसला असेल.