बोट ठेवायला जागा

मराठी माणसाला बोट ठेवायला शिकवावे लागत नाही. लग्नातल्या मठ्ठ्यात मीठ कमी असो, सोसायटीच्या हिशेबात सव्वा रुपया जास्त असो, नाहीतर निमंत्रणपत्रिकेत 'आशीर्वाद'ची वेलांटी चुकलेली असो. आपले बोट नेमके तिथे जाऊन पडते. लॅपटॉप बनवणाऱ्यांना आपला हा स्वभाव ठाऊक असावा. कारण त्यांनी या यंत्रात बोट ठेवायला एक खास चौकोनी जागाच करून दिली आहे. तिला ट्रॅकपॅड म्हणतात. आपण बोट फिरवायचे आणि पडद्यावरच्या बाणाने त्याच्या मागून मुकाट्याने जायचे, असा तो करार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बाणाने हा करार मोडला. मी उजवीकडे न्यावा तर तो डावीकडे पळे. 'जतन करा'वर नेऊन ठेवावा तर शेजारच्या 'पुसून टाका'वर जाऊन थरथरत उभा राही. कधी पाच-पाच मिनिटे ढिम्म, तर कधी कोणी हात लावला नसताना पडदाभर शतपावली! कर्सर हा मूळचा लॅटिन शब्द आणि त्याचा अर्थ धावणारा. नाव सार्थ करण्याचा त्याने चंगच बांधला होता.

एवढ्यावर भागले असते तर मी काही बोललो नसतो. पण सोसायटीची पत्रके मी लिहितो. एका दिवंगत सभासदाच्या शोकसभेची सूचना टाइप करताना बाणाने अशी काही उडी मारली, की 'कै.' ही अक्षरे आमच्या विद्यमान अध्यक्षांच्या नावाला जाऊन चिकटली. छापण्यापूर्वी सौ.ने वाचले म्हणून बरे. अध्यक्ष तसे समजूतदार आहेत, पण स्वतःच्या शोकसभेचे अध्यक्षस्थान स्वीकारण्याइतके नव्हेत.

मग घरात निदाने सुरू झाली.

"भजी खाल्लेली बोटं पुसत जा आधी," सौ. म्हणाली.

"बाबा, ड्रायव्हर अपडेट करा," बंगलोरहून चिरंजीव म्हणाले.

"बंद करून चालू करा," शेजारचे काका म्हणाले. रेडिओपासून रक्तदाबापर्यंत त्यांच्याकडे हा एकच उपाय आहे.

खरा घाव घातला तो मेहुण्यांनी. त्यांनी बाणाकडे पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भावजी, यंत्राला काही झालेलं नाही. हात थरथरतोय तुमचा. आमच्या अण्णांचं असंच सुरू झालं होतं."

त्या दिवसापासून घरातले सगळे माझ्या हाताकडे पाहू लागले. चहाचा कप काठोकाठ यायचा तो पाऊण भरून येऊ लागला. नातीला उचलून घेतले की सौ. दोन पावले पुढे येऊन उभी राही. कोणी बोलत काही नव्हते आणि तेच वाईट होते. रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याने शिगोशीग भरलेला पेला हातात धरून उभा राहिलो. थेंब सांडला नाही. तरी दुसऱ्या रात्री पुन्हा धरला.

शेवटी या पाटीचे शास्त्रच वाचून काढले. ही पाटी बोटाचा दाब ओळखत नाही. तिच्या पृष्ठभागाखाली विद्युतवाहक रेषांची आडवी-उभी जाळी असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट जवळ आले की त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो आणि त्यावरून बोट कुठे आहे ते यंत्र ताडते. कोरडी लाकडी काडी टेकवा, बाण हलणार नाही. तिला बोटासारखा विजेचा वाहकच लागतो. आम्ही पेन्शनर लोक दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. २०१४ पासून तो यंत्रावर बोट टेकवूनही देता येतो. म्हणजे ज्या बोटाच्या जोरावर सरकार मला हयात मानते, ते बोट या पाटीला मान्य नव्हते!

पुस्तकात कारणे दिली होती, ती एकेक करून निकालात काढली. ओलसर किंवा तेलकट बोटाने जाळी गोंधळते, म्हणून यंत्र बंद करून पाटी मऊ कापडाने पुसली. फरक नाही. चार्जरचे अर्थिंग नीट नसले तर बारीकसा प्रवाह यंत्राच्या अंगावर येतो आणि बाण नाचतो, म्हणून चार्जर काढून पाहिला. नाच चालूच. चिरंजीवांचा ड्रायव्हरही झाला. मग माळ्यावरचा जुना माऊस काढून जोडला. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माऊस दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना झाला नसेल एवढा आनंद मला झाला. हात तोच, पडदा तोच, बाण तोच. आणि बाण सरळ रेषेत चालत होता! सौ.ला बोलावून दाखवले. ती काही बोलली नाही, पण चारचा चहा काठोकाठ आला.

हात निर्दोष सुटला, पण आरोपी मोकळाच होता. तो सापडला जेवणाच्या टेबलावर. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला तर एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा डुगडुगत होता आणि पाटीची एक कड किंचित वर आली होती. बुधवार पेठेतल्या बाजारात एका पोराकडे नेला. त्याने पाटीकडे एकदा पाहिले आणि विचारले, "आजोबा, हा मांडीवर घेऊन बसता का?"

"हो. का?"

"आता नका घेऊ."

त्याने मागचे झाकण उघडले. आत बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. लिथियमची बॅटरी जुनी झाली, सतत तापली, कायम भरलेली राहिली, की आतली रसायने विघटित होऊन वायू धरतो. पिशवी बंद असते, वायूला वाट नसते. ती फुगते आणि आमच्या यंत्रात तिच्या डोक्यावरच असलेल्या पाटीला खालून ढकलते. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही. पेट घेऊ शकते. काढल्यावर घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. पोर हे सगळे सहज सांगत होता. मी मात्र एकच आठवत होतो: रात्री हा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असे, त्या खोलीत नात झोपते.

नवी बॅटरी बसली, पाटी आपल्या जागी गेली आणि बाण माणसात आला. मेहुण्यांना फोन केला. ते म्हणाले, "वाटलंच होतं मला."

तेव्हापासून मला त्या बाणाचा राग येईनासा झाला आहे. घरात आग लागायच्या आधी जो इकडून तिकडे धावतो, त्याला आपण वेडा म्हणतो. दुखणे पोटात असते आणि डोके दुखते. इथे दुखणे बॅटरीत होते आणि बाण थरथरत होता. आपण मात्र जे थरथरताना दिसते त्यालाच नावे ठेवतो आणि दिसेल त्या म्हाताऱ्याचा हात धरतो. तुमच्याकडे असे काही थरथरू लागले तर बोट जरूर ठेवा. फक्त त्याआधी ती वस्तू एकदा सपाट टेबलावर ठेवून पाहा.