अजिनोमोटो, डोकेदुखी आणि माझी चूक

काही वर्षांपूर्वी एक काकू डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात आल्या. आदल्या रात्री मुलाने बाहेरून मंच्युरियन आणलं होतं. "त्या अजिनोमोटोचाच त्रास आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. गर्दीची वेळ होती. मी मान डोलावली, गोळी लिहून दिली आणि चायनीज बंद करायला सांगितलं. रक्तदाब मात्र मोजला नाही.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. चायनीज बंद होतं, डोकेदुखी चालूच होती. या वेळी रक्तदाब मोजला, तर १८०/११०!

तेव्हापासून अजिनोमोटोचा विषय निघाला की मी थोडं सविस्तर बोलतो.

अजिनोमोटो हे कंपनीचं नाव. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे ग्लुटामिक ॲसिडचं सोडियमयुक्त क्षार. ग्लुटामिक ॲसिड हे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक. १८६६ साली रिटहाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने ते गव्हाच्या ग्लुटेनमधून वेगळं केलं, म्हणून हे नाव. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या सुपाची खास चव याच्यामुळे येते हे शोधलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. नुसतं ॲसिड आंबट असतं आणि पाण्यात फारसं विरघळत नाही. त्याला सोडियम जोडलं की ते सहज विरघळतं आणि ही चव देतं. आज ते उसाची मळी किंवा स्टार्च जिवाणूंकडून आंबवून तयार करतात.

पिकलेल्या टोमॅटोत, चीजमध्ये, आईच्या दुधातसुद्धा मोकळं ग्लुटामेट असतं. आपलं शरीरही ते बनवतं. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये 'एसजीपीटी' वाचता ना? त्यातला 'जी' म्हणजे ग्लुटामिकच. मेंदूतही ते पेशींमधला निरोप्या म्हणून काम करतं. पण जेवणातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात.

मग बदनामी कशी झाली? १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चायनीज जेवणानंतर मान बधिर होते, धडधडतं, असं त्यात होतं. पुढच्या चाचण्यांत रिकाम्या पोटी एकदम तीन ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काहींना डोकेदुखी वा चेहरा गरम होणं असा तात्पुरता त्रास झाला. एका वेळच्या जेवणात घातलेलं प्रमाण सहसा अर्ध्या ग्रॅमच्या आत असतं. तरीही तुम्हाला दरवेळी त्रास होत असेल, तर जरूर टाळा. पाकिटावर 'ई६२१' शोधा.

खरी गोष्ट पुढे आहे. मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असतं, मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये सुमारे १२ टक्के. म्हणून थोडं मीठ कमी करून त्याजागी ते वापरलं, तर चव राखून एकूण सोडियम कमी करता येतं. मिठाच्या वर आणखी घातलं, तर मात्र सोडियम वाढतंच.

काकूंच्या जेवणात दोन्ही वेळा लोणचं, पापड आणि वरून मीठ होतं. त्याबद्दल मी पहिल्या भेटीत विचारलंच नव्हतं. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या आत हवं. औषधं सुरू केली, ताटातलं मीठ कमी केलं, आमटीत पिकलेला टोमॅटो वाढवला. हळूहळू आकडा खाली आला.

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना कसलाच त्रास देत नाही, म्हणून तो मोजावाच लागतो. डोकेदुखीचं कारण तुम्हीच सांगितलंत आणि मी लगेच मान डोलावली, तर मला टोका: "डॉक्टर, आधी बीपी बघा."