चुलीखालची फरशी

"चुलीखाली टाइल्स कोण लावते, मॅडम?"

हे वाक्य मला अजून झोंबतं. कारण ज्याने ते ऐकवलं, त्यानेच त्या टाइल्स मला चुलीसाठी म्हणून विकल्या होत्या. मी दुकानात पाय ठेवल्याबरोबर सांगितलं होतं की मागच्या अंगणात चुलीचा ओटा बांधायचा आहे, वर रोज विस्तव असणार. त्याने टाइल नखाने वाजवून दाखवली आणि म्हणाला, "भट्टीतून निघालेला माल आहे, आगीला भीत नाही."

आमचं घर हिंगणघाटचं. गॅस आहे, रोजचा स्वयंपाक त्यावरच. पण हिवाळ्यात आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं आणि सणासुदीला सासूबाई उपड्या मडक्यावर लांब पोळ्या करतात. त्या गॅसवर होत नाहीत, मडक्याला सगळीकडून जाळ लागावा लागतो. सरपण घरच्या शेतातलं, पऱ्हाटी आणि तुराट्या. गुलाबी बोंडअळीने झोडपल्यापासून कृषी खातं सांगतं की वेचणी संपली की पऱ्हाटी उपटा, बांधावर गंजी लावून ठेवू नका. म्हणून आम्ही ती लवकर घरी आणून जाळून टाकतो.

जुना ओटा मातीचा होता. आमच्याकडची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओटा दरवर्षी तडकायचा, सासूबाई दरवर्षी लिंपायच्या. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून एकदाच पक्कं काम करायचं ठरवलं.

मिस्त्री आला, विटा रचल्या, वर सिमेंटचा थर दिला आणि त्यावर त्या गुळगुळीत टाइल्स चिकटवल्या. दिसायला सुरेख. सासूबाईंनी वर मातीची चूल मांडली. दिवस थंडीचे होते. पहिले काही दिवस नुसतं पाणी तापलं, काही झालं नाही. मग संक्रांतीला पोळ्यांसाठी मोठा जाळ केला, आणि अर्ध्या तासात फटाका फुटावा तसा आवाज झाला. चुलीच्या तोंडापुढची टाइल मधोमध उडाली. एक तुकडा कणकेच्या परातीत पडला, दुसरा सासूबाईंच्या पोटरीला लागला. "मले तं वाटलं मडकंच फुटलं," त्या म्हणाल्या. पोटरीवरचा भाजल्याचा डाग अजून आहे.

तुकडे पिशवीत भरून मी दुकानात गेले. तेव्हा ते वाक्य ऐकायला मिळालं. मी आठवण करून दिली तर म्हणाला, मी असं बोललोच नाही. बिलावर फक्त मालाचं नाव आणि नग. काउंटरवरच्या दुसऱ्या माणसाने विचारलं, "काहून, गॅस नाही का तुमच्याकडे?" गॅस असलेल्या घरात चूल ठेवणं हाच जणू आमचा गुन्हा. पैशांचं सोडा, पैसे मी मागितलेही नव्हते. मला एवढंच ऐकायचं होतं की चुकीचा माल दिला गेला. एका म्हाताऱ्या बाईच्या पायाला चटका बसला, आणि तिथे मलाच प्रश्न विचारले जात होते. दुकानात तेव्हा इतर गिऱ्हाईकंही होती. कोणी एक शब्द बोललं नाही.

नंतर मी माहिती काढली, तेव्हा कळलं की त्या दुकानदाराचं बोलणं निम्मंच खरं होतं. आमच्यासारखी गुळगुळीत, म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल बाराशे अंशांच्या आसपास भाजतात, पण भट्टीत ती सगळी एकसारखी, हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. चुलीपुढे तिचा एकच कोपरा तापतो, बाकीची टाइल थंड असते. तापलेला भाग पसरू पाहतो, थंड भाग त्याला धरून ठेवतो. शिवाय ही टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही. खालच्या सिमेंटमधल्या ओलीची वाफ झाली की तिला निघायला वाट नसते. सिमेंटसुद्धा चारशे-पाचशे अंशांवर ढिलं पडू लागतं, आणि निखाऱ्यांची जागा त्याहून किती तरी जास्त तापते. हे सगळं विकणाऱ्याला माहीत असायला हवं. नसेल माहीत, तर टाइल वाजवून हमी देऊ नये.

दुसऱ्यांदा ओटा आम्ही दोघींनीच केला, शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने. काळी माती फूटभर खोल काढून टाकली, मुरूम भरला, पाणी मारून चोपला. त्यावर विटा, विटांवर चाळलेली राख आणि वाळू यांचा जाड थर, म्हणजे उष्णता खाली उतरत नाही. चुलीच्या बरोबर खाली आणि तोंडापुढे भट्टीच्या विटा, म्हणजे भट्टीला आतून लावतात त्या. सभोवती जुन्या घराच्या छपरावरून उतरवलेले सपाट मंगलोरी कवेलू फोडून त्यांचे तुकडे बसवले, चुना आणि पांढऱ्या मातीत, सिमेंटचा कणही नाही. कवेलू भाजलेल्या मातीचाच, पण सच्छिद्र, ओल सोडून देतो. सांधे मुद्दाम बोटभर रुंद ठेवले. वरची चूल शेण, गव्हांडा आणि चिकण मातीची.

तोंडापुढे मात्र दोन हात फरशी हवी. पऱ्हाटी चुलीत आख्खी जात नाही, लांब काडी बाहेर राहते आणि जळत जळत मागे येते. तिचं जळतं टोक गळून ओट्याबाहेर पडलं तर आग लागायची, आमच्याकडे बाजूलाच कडब्याची पेंढी असते.

मला वाईट याचं वाटतं की चूल नीट बांधण्याचं ज्ञान आपल्याच वर्धा जिल्ह्यात होतं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना 1934 मध्ये वर्ध्यात झाली, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. तिथल्या मगनवाडीत धूर नळीने बाहेर काढणारी मगन चूल तयार झाली. पुढे 1983 च्या सुमारास सरकारची निर्धूर चुलीची योजना आली आणि गेली. 2016 मध्ये गॅसजोडणीची उज्ज्वला योजना आली, ती योग्यच होती, बायकांचे डोळे आणि छाती धुराने गेली आहेत. चूल परत घरात यावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. खरं तर मला स्वतःला चुलीची हौस नाही, सिलिंडर संपला नाही तर मी तिच्याकडे फिरकणारही नाही. तरी लांब पोळीचा घास घेतला की मी हे बोलणं विसरते, हेही खरं.

पण चूल आहे, आणि गावोगावी राहणार आहे. सरकारी घरकुलाच्या 25 चौरस मीटरच्या नकाशात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेची तरतूद आहे, चूल मात्र मागे ताडपत्रीखाली, उघड्या मातीवर असते. तिच्याकडे बांधकाम म्हणून कोणी पाहतच नाही. मिस्त्रीचा राग मी तेव्हा खूप केला. आता वाटतं, त्याला हे शिकवलंच कोणी? विकणाऱ्याचा राग मात्र गेलेला नाही.

म्हणून ओटा बांधणाऱ्यांना सांगते. चुलीखाली चकचकीत टाइल लावू नका, कोणी कितीही वाजवून दाखवली तरी. भट्टीची वीट घ्या, नाहीतर साधी पक्की वीट आणि जुने कवेलू वापरा. चूल उघड्यावर किंवा हवेशीर पडवीतच मांडा. आणि टाइल्स घ्यायच्याच असतील, तर त्या कशासाठी हव्या आहेत ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.