साक्ष उतरवून घेताना

तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशाचा निम्मा वेळ शेताच्या बांधावरच जातो. वाटपाचे दावे, वहिवाटीचे दावे, मनाईहुकुमाचे अर्ज. काही वर्षं वकिली, मग लोकसेवा आयोगाची परीक्षा, उत्तनच्या न्यायिक अकादमीतलं प्रशिक्षण, या ठरलेल्या वाटेनंच मी इथं आलो. लोकांचं लक्ष निकालपत्राकडं असतं. मला मात्र साक्ष नोंदवणं हे जास्त जोखमीचं काम वाटतं.

२००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपास शपथपत्रावर येतो. वेळ वाचतो, पण त्यातली भाषा वकिलाची असते. साक्षीदार स्वतःच्या तोंडानं बोलतो तो उलटतपासात. तिथंही वकीलसाहेब लांबलचक विधान करतात, पिंजऱ्यातली आजी नुसतं "व्हय" म्हणते आणि कागदावर उमटतं: ‘हे म्हणणे खरे आहे की, दावा मिळकतीचे सरस-निरस मानाने वाटप झालेले आहे.’

अशा वेळी मी स्टेनोला थांबवतो. "आजी, वाटप झालं म्हणजे काय झालं, सांगा."

"थोरल्यानं वरचं रान धरलं, आम्ही खालचं कसतो. सात-बारा एकच हाय."

आता हे तोंडी वाटप की नुसती सोयीची वहिवाट? सगळा दावा इथंच फिरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १० प्रमाणे एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं नोंदवता येतं. ही मुभा आपण फार हात राखून वापरतो. बोर्डावरची कामं मागं पडतात म्हणून कुरकुर होते, होऊ द्यावी.

बांध विचारला की आजी "ह्यो असा" म्हणत हात फिरवते. हात कागदावर येत नाही. म्हणून ओढा कुठल्या अंगाला, शेजारचा गट कुणाचा, हे तिथल्या तिथं विचारून घ्यावं लागतं. उद्या जिल्हा न्यायालयात अपील गेलं तर तिथं आजी नसते, हे कागद असतात. तिचं घुटमळणं, मुलाकडं बघून बदललेलं उत्तर आम्हीच काय ते पाहिलेलं. नियम १२ प्रमाणे साक्षीदाराच्या वर्तनावर शेरा लिहिता येतो. तो मी जपून लिहितो, कारण कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढलेला खरा माणूसही चाचरतो.

साक्ष वाचून दाखवणं मात्र मी कधीच उरकू देत नाही. ऐकता ऐकता आजी म्हणते, "न्हाई सायेब, ओढ्याच्या अल्याड." त्या एका दुरुस्तीनं गट नंबर बदलतो. जेवणाची सुट्टी पुढं गेली तरी चालेल.