शिवडीची शेवरोले

४ डिसेंबर १९२८! पुसदच्या बाजारात भेटेल त्याला मी सध्या ही तारीख सांगत सुटलोय. त्या दिवशी मुंबईत, शिवडीच्या कारखान्यातून, तिथे जोडलेली पहिली शेवरोले मोटार बाहेर पडली. डेट्रॉइटची जनरल मोटर्स, हेन्री फोर्डला मागे टाकायला निघालेली कंपनी, आणि तिचा कारखाना आपल्या शिवडीत. १९५४ पर्यंत तो चालला, मग बंद पडला. चोपन्न वर्षांनी तीच कंपनी महाराष्ट्रात परतली, मावळात, तळेगावजवळ, केवढा तरी मोठा कारखाना उभारला, आणि तोही बंद झाला. एकाच राज्यात एकाच अमेरिकन कंपनीचे दोन कारखाने, दोन्ही बंद, आणि ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगितलीच नाही!

मला ती सापडली एका जुन्या शेवरोले बीटमुळे. गाडी ओळखीच्या माणसाची. क्लचचं काम होतं, म्हणून आम्ही दोघं गॅरेजवर बसलो होतो. ‘अमेरिकन गाडीचे पार्ट आता कुठून मिळणार,’ असं मी सहज म्हणालो, तर मिस्त्रीनं गाडीखालूनच आवाज दिला, ‘भाऊ, अमेरिकेची कायची? तळेगावची व्हय हे!’ मग बाहेर येऊन, हात पुसत त्यानं चासी नंबर दाखवला. सुरुवातीची तीन अक्षरं होती एमए६. ती जनरल मोटर्स इंडियाची खूण. प्रत्येक गाडीचा सतरा अक्षर-अंकी नंबर असतो आणि पहिल्या तिनांत तिचा देश आणि कारखानदार कळतो, हे मला त्या दिवशी कळलं. तळेगावपासून मागे मागे जात राहिलो आणि थेट शिवडीत पोचलो.

आणि शिवडीत कोण भेटावं? आपला कापूस!

१९२० च्या दशकात मुंबईचा कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीकडे हलला. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन आजही त्याच नावानं उभं आहे. वऱ्हाडातला कापूस गठाणी बांधून मुंबईला जायचा. यवतमाळहून ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वे तो मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीपर्यंत पोचवायची, आणि पुढे त्याचा मुक्काम याच बंदराकाठच्या गोदामांत. म्हणजे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाचे गठ्ठे जिथे उतरत, त्याच परिसरात अमेरिकेहून आलेली लाकडी खोकी फोडून मोटारी जोडल्या जात होत्या. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरत होतो. पुसद ते शिवडी हा धागा शंभर वर्षांचा आहे, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला शेवरोले आहे!

वर्षही काय निवडलं होतं बघा. १९२८ म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा तो प्रचंड संप. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या थंड होत्या, गिरणी कामगार युनियन त्याच धामधुमीत जन्माला आली, आणि संप मिटून जेमतेम दोन महिने होतात तोच गिरणगावाच्या कुशीत एक नव्या जातीचा कारखाना मोटार बाहेर काढतो. कापड विणणाऱ्या शहरात मोटारीची जोडणी. हा योग कुणा कादंबरीकाराला कसा सुचला नाही?

जोडणी म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. अख्खी मोटार जहाजावर चढवली तर ती जागा फार खाते, भाडं फार पडतं. तीच सुटी करून खोक्यांत भरली, चासी वेगळी, इंजिन वेगळं, ॲक्सल वेगळे, बॉडीचे पत्रे एकावर एक, की तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मोटारी मावतात. इथे खोकी उघडायची, रांगेनं जोडणी करायची, रंग, गाद्या, टायर, आणि गाडी तयार. इथल्या कामगाराची मजुरी अमेरिकेपेक्षा किती तरी कमी, तोही फायदा. जनरल मोटर्सनं त्या दशकात हाच डाव जगभर मांडला होता: कोपनहेगन, दक्षिण आफ्रिकेतलं पोर्ट एलिझाबेथ, १९२७ साली जपानचं ओसाका. त्या माळेत मुंबई. फोर्डनंही आपली भारतीय कंपनी १९२६ मध्येच काढलेली होती. पुढे फायरस्टोन या आणखी एका अमेरिकन कंपनीनं टायरचा कारखाना काढला, तोही शिवडीत!

शिवडीतून मोटारी निघत, तशाच ट्रक आणि बसच्या चासीही निघत, आणि मला तर त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात. मोटार बंगल्यात जाते. चासी गावात येते. तिच्यावर इथला सुतार लाकडी बॉडी चढवतो, आणि बाजाराच्या दिवशी माणसं, पोती, कोंबड्या सगळं एकत्र निघतं. मग दुसरं महायुद्ध आलं आणि कारखाना लष्कराच्या कामाला जुंपला गेला. कॅनडात तयार झालेले लष्करी शेवरोले ट्रक सुटे होऊन मुंबईला येत आणि इथे उभे राहत. हे सगळं आपल्या माणसांच्या हातांनी केलं. पाना त्यांचा, घाम त्यांचा. डेट्रॉइटवर पुस्तकांची कपाटं भरली आहेत. शिवडीच्या फिटरवर एक तरी पुस्तक हवं होतं.

पण एक काटा होता, आणि तो त्या काळातल्या शहाण्या माणसांना सलत होता. जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे. इंजिन ओतायचं कसब, गिअर कापायचं कसब, ते सगळं समुद्रापलीकडेच राहायचं. अभियंते विश्वेश्वरय्या १९३५ मध्ये डेट्रॉइट पाहून आले आणि मुंबईत मोटार कारखाना काढायची योजनाच त्यांनी तयार केली. सोलापूरच्या मातीतले वालचंद हिराचंद त्या कल्पनेमागे जिद्दीनं लागले. बाळासाहेब खेरांचं मुंबईचं मंत्रिमंडळ मदतीला तयार होतं. ते मंत्रिमंडळ १९३९ मध्ये गेलं, इंग्रज सरकारनं हात आखडला, युद्ध आलं, आणि वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन होऊन कुर्ल्यातून तिची पहिली गाडी निघायला १९४७ उजाडलं. तिलाही हात कुणाचा? अमेरिकेच्याच क्रायस्लरचा.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं गाठ सोडवली. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं स्पष्ट सांगितलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही. सुटे भाग टप्प्याटप्प्यानं इथेच बनवायचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सनं हिशेब मांडला. बाजार छोटा, गुंतवणूक मोठी. १९५४ मध्ये शिवडीला कुलूप लागलं. फोर्डही गेली. आणि त्याच १९५४ मध्ये टाटांनी जमशेदपूरला डाइम्लर-बेंझच्या साथीनं ट्रक बनवायला सुरुवात केली! एक दार बंद होतंय आणि दुसरं त्याच वर्षी उघडतंय. जपाननं हेच १९३६ च्या कायद्यानं केलं होतं. तिथल्या अमेरिकन कारखान्यांचा श्वास कोंडला आणि टोयोटा, निस्सान यांना मैदान मिळालं. आपण पुढे त्या मैदानाचं काय केलं, चाळीस वर्षं ग्राहकाला मोजक्या दोन-तीन मोटारींवर कसं ताटकळत ठेवलं, यावर मला राग आहे. पण १९५३ चा तो प्रश्न, ‘इथे बनवणार की नुसतं जोडणार?’, बरोबर होता असं मला आज ठामपणे वाटतं.

आता दुसरा अंक. जून १९९१ मध्ये आमच्या पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि महिनाभरातच दिल्लीनं नवं औद्योगिक धोरण जाहीर केलं. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरची परवान्याची अट गेली, १९९४ मध्ये जनरल मोटर्स बिर्लांशी भागीदारी करून परत आली. आधी गुजरातेत हालोलला, ओपेल ॲस्ट्रा घेऊन. आणि सप्टेंबर २००८ मध्ये तळेगाव! मावळातलं नवलाख उंबरे शिवार, सुमारे तीनशे एकर, वर्षाला १ लाख ४० हजार गाड्यांची क्षमता. २०१० मध्ये शेजारीच इंजिनचा कारखाना. बीटचं ९३६ सीसीचं, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन तिथेच बनायचं. १९५३ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच कंपनीनं सत्तावन्न वर्षांनी मावळात दिलं! डाव्या हाताच्या स्टीअरिंगच्या बीट तिथून चिली आणि मेक्सिकोला जहाजानं गेल्या. एकेकाळी अमेरिकेची खोकी मुंबई बंदरात उतरत होती. आता महाराष्ट्रातली शेवरोले समुद्र ओलांडून अमेरिका खंडात उतरत होती. या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मग झपाट्यानं सगळं उतरणीला लागलं. मे २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की वर्षअखेर भारतात विक्री बंद. हालोल चिनी कंपनीकडे गेला. तळेगाव निर्यातीसाठी चालू राहिला, पण तिथेही २४ डिसेंबर २०२० ला शेवटची पाळी झाली. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी विक्रीचा करार झाला होता, गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर परवानग्या अडल्या आणि २०२२ मध्ये तो व्यवहार मोडला. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफच्या नोटिसा गेल्या. वाद न्यायालयांत लढला गेला. १९७६ पासून मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते, शिवडीच्या काळी असलं काही नव्हतं. तरी कायदा असूनही तरुण माणसांची घरं हलली ती हललीच. पुसदमध्ये बाबासाहेब नाईकांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय आहे. इथली पोरं चाकण-तळेगावची वाट धरतात, कारण इथे मोटारीचा कारखाना नाही. त्यामुळे १,४१९ हा आकडा इथे कुणी नुसता आकडा म्हणून वाचू शकत नाही.

आणि गोष्ट अजून चालूच आहे! जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईनं तळेगावचा ताबा पूर्ण केला. त्याच महिन्यात, १२ तारखेला, शिवडीहून समुद्रावरून जाणारा अटल सेतू उघडला. २०२५ मध्ये तळेगावातून पुन्हा गाड्या निघू लागल्या, आता कोरियन नावानं.

माझं एक काम मात्र राहिलंय, आणि त्यात मला तुमची मदत हवी. पुसद, दिग्रस, उमरखेड, महागाव, कुठेही, कुणाच्या आजोबांची शेवरोलेची लॉरी किंवा मोटार असेल, माळ्यावरच्या पेटीत तिचं बिल, नोंदणीचं पुस्तक, पितळी पट्टी, एखादा फोटो पडलेला असेल, तर रद्दीत घालू नका. कुणाच्या घरातला माणूस १९५४ आधी शिवडीच्या त्या कारखान्यात कामाला होता असं ऐकलं असेल, तर मला कळवा. मी ताबडतोब निघतो.