दुसऱ्याचं पद चालू असताना

संगीत नाटकातलं सगळ्यांत अवघड काम कोणतं, असं हौशी मंडळींना विचारलं तर गाणारे तानेचं नाव घेतील आणि न गाणारे पाठांतराचं. तालमी पाहत बसण्याची मला आवड आहे, त्यावरून सांगतो: सगळ्यांत अवघड काम म्हणजे दुसऱ्याचं पद चालू असताना रंगमंचावर उभं राहणं. गद्य नाटकात समोरचा चार वाक्यं बोलतो, मग आपली पाळी येते. इथे समोरचा पाच-सात मिनिटं गातो. हातात काही काम नसतं, तोंडी वाक्य नसतं, उजेड मात्र अंगावर असतो. प्रेक्षक गाणाऱ्याकडे बघताबघता मधूनच ऐकणाऱ्याकडे बघतात, आणि तो खरंच ऐकतोय की नुसता थांबलाय, हे त्यांना एका नजरेत कळतं.

विनोदी संगीत नाटकात तर हे काम दुपटीने कठीण होतं. म्हणून हौशी मंडळींचं 'संगीत संशयकल्लोळ' मला फार जवळचं वाटतं. रत्नागिरी, सांगली, पुणे, फोंडा, कुठेही हे नाटक बसत असल्याचं कळलं की माझे पाय तिकडे वळतात. फाल्गुनरावाला बायकोचा संशय, कृत्तिकेला नवऱ्याचा संशय, अश्विनशेठला रेवतीचा आणि रेवतीला अश्विनशेठचा. भर रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती न्याहाळताना तिला फाल्गुनराव पाहतो. एवढ्याशा ठिणगीवर सगळं नाटक पेटतं. गोविंद बल्लाळ देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं दिली, त्यामुळे सगळं पंचांगच एकमेकांवर डोळे वटारून उभं असतं.

या कथेचा प्रवास लांबचा आहे. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये ती रंगवली, आर्थर मर्फीने १७६१ साली लंडनमध्ये तिचं मोठं नाटक केलं, आणि देवलांनी १८९३ च्या सुमारास ती मराठीत आणली ती 'तसबिरीचा घोटाळा' म्हणून, गद्यात. १९१६ साली देवल गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने पदांसह 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. पॅरिस आणि लंडनमध्ये ही माणसं नुसती भांडत होती, महाराष्ट्रात येऊन ती गाऊ लागली. मला यात देवलांचं मोठेपण दिसतं. संशयाने पोळलेला माणूस हसण्याचा विषय होतो हे मोलिएरला ठाऊक होतंच. पण तोच माणूस प्रेमात आहे म्हणूनच पोळतोय, हे सांगायला पदं लागली. दरबारी कानड्यातलं 'मृगनयना' ऐकताना कोणाला हसू येत नाही. त्यानंतर पुन्हा घोटाळा सुरू होतो आणि प्रेक्षक आधीपेक्षा जास्त हसतात, कारण आता त्यांना अश्विनशेठची काळजी वाटू लागलेली असते.

तालमीच्या जागा बहुतेक सारख्याच. संध्याकाळी सात-साडेसातला शाळेचं सभागृह, नाहीतर कोणाच्या तरी घराची माडी, नाहीतर देवळाचा सभामंडप. कोणी बँकेतून येतं, कोणी दुकान भावाच्या हवाली करून, कोणी मुलांचा अभ्यास घेऊन. रेवती करणारी बाई दिवसभर शाळेत शिकवते, म्हणजे घसा निम्मा तिथेच खर्च झालेला. ती येते, पिशवीतून गरम पाण्याचा थर्मास काढते आणि कोपऱ्यात बसून खर्ज लावते. नाटकातला नोकर भादव्या करणारा काम उरकून थेट आलेला असतो, त्याच्या खिशाला अजून पेन असतं. फाल्गुनराव वयाने सगळ्यांत मोठा. त्याला सगळे 'काका' म्हणतात, आणि रंगमंचावर ज्याने त्याची फजिती करायची तोही तालीम संपल्यावर त्याला 'काका, सावकाश जा हं' म्हणून फाटकापर्यंत सोडतो.

तालमीत तसबिरीच्या जागी काहीही चालतं. मी कंपासपेटी पाहिली आहे, मोबाईल पाहिला आहे, एकदा तर हरभऱ्याची पुडीही पाहिली. पण रंगीत तालमीला खरी तसबीर येते, आणि त्या क्षणी सगळा खेळ बदलतो. पितळी चौकट, आत फेटा बांधलेल्या अश्विनशेठचा फोटो. फोटो अर्थातच त्याच नटाचा, त्यासाठी त्याला मुद्दाम फेटा बांधून बसवलेलं असतं. कृत्तिकेने ती उचलायची कशी, यावर मी दिग्दर्शकाला अर्धा तास खर्च करताना पाहिलं आहे. चौकट छातीशी धरली तर प्रेक्षकांना दिसत नाही, फार पुढे धरली तर ती प्रेक्षकांना दाखवतेय असं वाटतं. 'ताई, उजेडाकडे वळा. चेहरा नीट दिसत नाहीये तुम्हाला, म्हणून वळताय,' दिग्दर्शक सांगतो. ती वळते. चौकटीच्या काचेवर दिव्याची तिरीप चमकते, तिचा चेहरा कुतूहलाने जरासा पुढे येतो, आणि मागच्या विंगेतून फाल्गुनरावाला तेवढंच दिसतं: बायको, परक्या पुरुषाची तसबीर आणि चेहऱ्यावर हसू. तिथे काकांनी काहीच केलं नाही. नुसते थबकले. हातातला उपरण्याचा शेव हळूहळू मुठीत गोळा होत गेला. सभागृहात बसलेली आम्ही पाच-सहा माणसं खो-खो हसलो आणि त्याच वेळी मला त्या माणसाची कणव आली.

फाल्गुनराव असाच करायला हवा. माझं यावर ठाम मत आहे. जो फाल्गुनराव प्रेक्षकांकडे बघून मिश्कील हसतो, 'बघा मी कसा येडा' असं सुचवतो, तो नाटक मारतो. त्याची जळजळ खरी हवी. बायको वयाने लहान, आपण उतरणीला लागलेले, आणि घरात काय चाललंय ते कळत नाही, ही भीती त्याने पोटातून करायला हवी. ज्या देवलांनी 'शारदा' लिहून जरठ-कुमारी विवाहावर समाजाला हलवलं, त्यांना या भीतीचा गाभा नेमका माहीत होता. हौशी नटांना हे पुष्कळदा व्यावसायिकांपेक्षा चांगलं जमतं असं मी पाहिलंय. त्याचं कारण साधं आहे. हशा कुठे हमखास पडतो याचा शेकडो प्रयोगांचा हिशेब त्यांच्याकडे नसतो, त्यामुळे त्यांना प्रसंगावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं.

आणि मग पद येतं. गद्यातलं शेवटचं वाक्य संपता संपता ऑर्गनवाला सूर देतो. प्रेक्षक अजून आधीच्या हशात असतात. तो हशा पूर्ण विरू द्यायचा की विरता विरता सूर लावायचा, हे ठरवणारी व्यक्ती गाणारी नसते, पेटीवर बसलेली असते. संगीत नाटकाच्या हौशी संचातला सर्वांत महत्त्वाचा माणूस हाच, आणि बहुतेक वेळा त्याचं नाव जाहिरातीत सगळ्यांत शेवटी छापतात. रंगमंचाच्या पुढ्यात एका बाजूला त्याचा पायपेटीचा ऑर्गन, शेजारी तबला. पायांनी भाता सांभाळायचा, हातांनी सूर, आणि डोळे सतत वर. तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. मी एकाला विचारलं तर म्हणाला, 'तोंड उघडल्यावर उशीर झालेला असतो. मी खांदे बघतो. श्वास घेतला की खांदे हलतात.' रेवती काळी चारमध्ये गाते, अश्विनशेठ काळी एकमध्ये, आणि दोघांची पदं एकाच प्रवेशात पाठोपाठ येतात तेव्हा याने हशाच्या आडून पट्टी बदलायची. बालगंधर्वांच्या काळात स्त्रीभूमिकाही पुरुषच करत, तेव्हा पट्ट्यांचा हा प्रश्न एवढा टोकाचा नव्हता. आज गावागावांत रेवती करायला गाणाऱ्या बायका पुढे येतात ही फार चांगली गोष्ट आहे, आणि तिची किंमत ऑर्गनवाला आनंदाने मोजतो.

आता त्या ऐकणाऱ्याकडे येऊ. रेवती गातेय. नायकिणीच्या घरात वाढलेली मुलगी, जिच्या शब्दावर जग विश्वास ठेवायला तयार नाही, ती आपलं मन सुरांतून सांगतेय; आणि समोर अश्विनशेठ उभा आहे, संशयाने भरलेला. त्याने काय करायचं? नवशिका असेल तर तो मान डोलावतो, कारण गाणं छान चाललंय आणि तो स्वतः गाणारा आहे. दिग्दर्शक ओरडतो, 'अरे, दाद काय देतोस! तुझा राग आहे तिच्यावर!' मग तो दगडासारखा उभा राहतो, तेही चुकीचं. मला आठवतो तो एक अश्विनशेठ. औषधाच्या दुकानात काम करणारा मुलगा. दिसायला साधा, गळा मात्र भरदार. रेवती पद गात असताना तो पहिल्या आवर्तनात तिच्याकडे पाठ करून उभा होता. दुसऱ्या आवर्तनात तिने एक जागा फार सुंदर घेतली आणि याचं डोकं नकळत एक बोटभर वळलं. बस, एक बोटभर. लगेच त्याने ते परत ताठ केलं. रागावलेल्या माणसाला गाण्याने कसं पकडलं आणि त्याने स्वतःला कसं सोडवून घेतलं, ते सगळं त्या बोटभर वळण्यात आलं. सभागृहातून एक हलका हशा उठला, गाण्याला धक्का न लावणारा. विनोद आणि संगीत एकाच क्षणी, एकमेकांची जागा न अडवता.

ही गोष्ट शिकवता येत नाही. तो मुलगा महिनोन्महिने तिचं ते पद ऐकत आला होता, ती जागा कुठे येते ते त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं, आणि तरी त्या दिवशी ती त्याला नव्याने आवडली. म्हणूनच बाहेरून गायिका किंवा गायक आणून शेवटच्या दोन तालमींत उभा करण्याच्या प्रथेला माझा मनापासून विरोध आहे. मंडळींची अडचण मला समजते. गावात गाणारं माणूस नसतं, स्पर्धा तोंडावर असते, बक्षीस हवं असतं. पण आलेला पाहुणा उत्तम गातो आणि पद संपेपर्यंत बाकीचे त्याच्याभोवती पाहुण्यासारखेच उभे राहतात. त्यापेक्षा गळा थोडा कमी पडलेला चालेल, पण ती रेवती पहिल्या वाचनापासून भादव्याच्या शेजारी बसलेली हवी.

वन्समोअर आला की आणखी एक परीक्षा. पद संपतं, टाळ्या पडतात, मागच्या रांगेतून कोणीतरी वन्समोअर मागतं. गाणारा सुखावतो, ऑर्गनवाला पुन्हा सूर धरतो, आणि ज्याने आता तावातावाने आत शिरायचं तो विंगेत हातात काठी घेऊन तसाच उभा. त्याचा राग त्याला आणखी चार मिनिटं ताजा ठेवायचा असतो. मी विंगेतून एका फाल्गुनरावाला बघितलं होतं. पद पुन्हा सुरू झाल्यावर त्याने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत आपलं पुढचं वाक्य पुटपुटला, मग हळूच तबल्याच्या ठेक्यावर काठी जमिनीला टेकवत राहिला, आवाज न करता. समेवर तिहाई आली, टाळ्या झाल्या, आणि तो असा काही आत घुसला की टाळ्यांचं रूपांतर तिथल्या तिथे हशात झालं.

हे सगळं चालू ठेवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. पुण्यात १८९४ साली विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स सोशल क्लब' काढला, त्यातूनच पुढे आजचं भरत नाट्य संशोधन मंदिर उभं राहिलं. रत्नागिरीत खल्वायन आहे. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरी वर्षानुवर्षं नाटकं करत आले आहेत. तिथल्या प्रेक्षकांना पदं तोंडपाठ असतात, एखाद्याचं अडलं तर ओळ विंगेच्या आधी मांडवातून येते. आणि राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी संगीत नाट्य स्पर्धा आहे. मूळ नाटकं रात्ररात्र चालणाऱ्या काळातली, स्पर्धेला वेळेचं बंधन. त्यामुळे कोणतं पद ठेवायचं आणि कोणतं गाळायचं यावर प्रत्येक संचात अबोले होतात. ते होऊ देत. गाळलेल्या पदासाठी रात्री झोप न लागणारी माणसं असतील तोवर हे नाटक मराठीत जिवंत राहील, याची मला खात्री आहे.

या मंडळींना मानधन नसतं. उलट ड्रेपरीवाल्याचं, मेकअपचं, ऑर्गन टेम्पोतून आणण्याचं भाडं बहुतेक वेळा वर्गणी काढूनच द्यावं लागतं. त्यांना हवं असतं ते भरलेलं प्रेक्षागृह, कारण विनोदी नाटक रिकाम्या खुर्च्यांपुढे होतच नाही. तेव्हा तुमच्या गावात, तालुक्यात संगीत नाट्य स्पर्धा लागली की वर्तमानपत्रातलं वेळापत्रक कापून ठेवा. तिकीट नाममात्र असतं. घरातल्या मुलांना बरोबर घ्या, त्यांना फाल्गुनराव लगेच कळतो. तिसऱ्या घंटेच्या आधी जाऊन बसा, म्हणजे नांदी चुकणार नाही. आणि पद रंगलं तर वन्समोअर मोठ्याने मागा.